पूरक प्रश्न

मुक्ता आणि ओम,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही — ते असताना नाही, आणि नंतर त्यांच्या तसबिरीसमोर उभी राहूनही नाही. तसबिरीशी बोलणाऱ्यांपैकी मी नव्हे, तरी एकदोनदा तोंड उघडलं होतं. मग हार सरळ केला आणि स्वयंपाकघरात परत गेले.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तुम्हाला सोपं, मलाही सोपं — जन्मभर तेच शिकवलं ना. पानभर झालं आणि वाचून पाहिलं. काय छान उतरलं होतं! एकेक वाक्य इस्त्री केल्यासारखं. वाचणाऱ्याला शेवटी माझीच दया यावी, असं. फाडून टाकलं. इंग्रजीत मला काहीही नीटनेटकं करून दाखवता येतं, आणि जे सांगायचं आहे ते नेमकं त्या सवयीबद्दल आहे. म्हणून मराठीत. दर रविवारी तुम्हाला स्क्रीनवर मराठी वाचायला लावलं, ते या कामी येईल असं मनात नव्हतं. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा — नको. बाबांना नको. आधी तुमचे तुम्ही वाचा. त्यांना दाखवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

कुठून सुरुवात करू?

शालूआजीपासून करते. तुम्ही तिला ओळखता. मी तुमच्याशी बोलत असते तेव्हा मागून डोकावते आणि "काय रे पोरांनो, बर्फ बहुत पडतंय का?" म्हणून विचारते, ती. दर संक्रांतीला माझ्या पार्सलमध्ये जो चपटा स्टीलचा डबा निघतो, त्यातल्या तिळाच्या वड्या तिच्या हातच्या. मला वड्या जमत नाहीत. माझा पाक नेहमी पुढे जातो. मुक्ता, तू लहान असताना म्हणाली होतीस, "आजी, तुझ्या वड्या बेस्ट." मी तिथल्या तिथे सांगितलं होतं — माझ्या नाहीत, शालूआजीच्या. एवढी खरी मी आहे. वड्यांच्या बाबतीत.

शालू इथे बनारसला, आमच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत समोरच राहते. तिची खिडकी आणि माझी खिडकी यांच्यात वाटी हातोहात देता येईल एवढंच अंतर. तिचे यजमान महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं चालवायचे. ते लवकर गेले. मागे एकुलता एक मुलगा — विनायक, आमचा विनू. तुमच्या आजोबांना ती राखी बांधायची, म्हणून मी तिची वहिनी.

विनूला पौरोहित्य करायचं नव्हतं. "शेंडी ठेवून मी बिजलीच्या खांबावर चढू का?" म्हणायचा. वायरमनचं शिक्षण घेतलं त्याने. तुमच्या बाबांहून लहान, पण त्यांच्या सतत मागे. भोसले घाटावरून नदीत उडी मारायला त्याला तुमच्या बाबांनीच शिकवलं — शिकवलं म्हणजे ढकललं. पुढे बाबा आखातात एका मोठ्या बांधकाम कंपनीत नोकरीला लागले. तुम्ही ज्या देशात वाढलात तिथे जाण्याआधीची ही गोष्ट. त्यांनी तुम्हाला फार सांगितली नसेल. तेव्हा शालू माझ्याकडे आली. "वहिनी, राजूला सांगा ना, आमच्या विनूलाही कुठेतरी चिकटवून दे." मी सांगितलं. बाबांनी चिकटवलं. शालूने संकठादेवीला साडी नेसवली, गल्लीत पेढे वाटले.

इथपर्यंत सगळं चांगलंच आहे. इथपर्यंत सांगून थांबणं मला फार चांगलं जमतं.

आता वकीलसाहेबांबद्दल सांगायला हवं. ते आमच्याकडचे, कचेरीत, म्हणजे कोर्टात, नाव कमावलेले. उतारवयात पक्षाने त्यांना राज्यसभेवर पाठवलं. मी नुकतीच निवृत्त झाले होते. आमच्या कॉलेजच्या एका समारंभात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं, आणि नंतर चहा घेताना मी त्यांच्या दोन चुका सांगितल्या. दुसरा कुणी असता तर रागावला असता. ते हसले आणि म्हणाले, "मैडम, आप तो हमारे ही काम की हैं." तेव्हापासून त्यांचे संसदेतले प्रश्न मी लिहून देऊ लागले. फुकट — अभिमानाने फुकट.

त्यांना परराष्ट्र धोरणाची हौस होती. नेपाळच्या नद्या, श्रीलंकेने पकडलेले कोळी, परदेशी तुरुंगांतले आपले कैदी. त्यावर त्यांना हिंदीतही विचारता आलं असतं, पण ते म्हणत, "विदेश मंत्री को उसी की अंग्रेजी में पकड़ना है. अनुवाद में धार चली जाती है." मला हे वाक्य फार आवडायचं. धार म्हणजे मी, असं वाटायचं.

हे काम कसं चालतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. खासदार आपला प्रश्न आधीच लेखी पाठवतो. नशिबाने तो सोडतीत निघाला तर त्याला मंत्र्याकडून तोंडी उत्तर मिळतं. पण ते उत्तर मंत्रालयातल्या लोकांनी लिहून दिलेलं असतं. मंत्री उभा राहतो, उत्तर पटलावर ठेवलंय म्हणतो आणि खाली बसतो. त्यानंतर प्रश्न विचारणाऱ्याला दोन पूरक प्रश्न विचारता येतात. ते आधी सांगावे लागत नाहीत. तिथे मंत्र्याच्या हातात आयतं उत्तर नसतं. वकीलसाहेब म्हणायचे, "मुख्य प्रश्न तो नमस्कार है, मैडम. कुश्ती पूरक में होती है."

आणि मी नियमांच्या बाबतीत पक्की. कामकाजाच्या नियमांचं पुस्तक मी मागवून घेतलं होतं, पानांना रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. वकीलसाहेब कोर्टात आयुष्य घालवलेले, पण हे पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. कशाला उघडतील? मी होते ना. त्यांनी विचारायचं, "ये चलेगा?" आणि मी म्हणायचं, चालेल किंवा चालणार नाही. एकदाही मी त्यांना चुकीचं सांगितलं नव्हतं. एकदाही नाही — हे लक्षात ठेवा, कारण त्या सगळ्या खऱ्या उत्तरांवरच माझं एक खोटं उत्तर उभं राहिलं.

विनूला आखातात जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. एके दिवशी शालू नेहमीसारखी खिडकीतून ओरडून बोलली नाही, दार वाजवून वर आली. विनूची तबियत बिघडली होती. ताप उतरत नव्हता, खोकला, वजन घटलेलं. त्याला घरी यायचं होतं आणि कंपनी येऊ देत नव्हती. त्या देशात तेव्हा मालकाच्या परवानगीशिवाय कामगाराला बाहेर पडता येत नसे, आणि सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीने काढून घेऊन ठेवलेले. त्याच्या खोलीत असेच अडकलेले आणखी काही जण होते.

"राजूला सांगा ना वहिनी, तो तर ऑफिसात बसतो."

मी सांगितलं. म्हणजे फोन केला.

तुमच्या बाबांचं तिथलं काम काय होतं, ते मला त्या फोनवर कळलं. ते माणसांच्या खात्यात होते — कोण आला, कोण गेला, कुणाचा करार कधी संपतो. आणि पासपोर्ट. "आई, ते माझ्याच कपाटात असतात," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडे असते. पण मी द्यायचे की नाही ते मी ठरवत नाही." विनूसाठी त्यांनी वर विचारलं होतं. वरच्याने सांगितलं होतं, ज्याला फार कळवळा असेल त्याने आपलाही पासपोर्ट कपाटात ठेवावा. मुक्ता, तुझी आई तेव्हा तिथेच होती, आणि तू तिच्या पोटात होतीस. पाचवा महिना लागला होता.

मी फोन ठेवला आणि शालूला म्हटलं, राजू तिथे लहान माणूस आहे. हे खोटं नव्हतं. नव्हतं ना?

मग कल्पना शालूलाच सुचली. "तुम्ही त्या वकीलसाहेबांचं लिहून देता ना? संसदेत विचारतात ना ते बाहेरच्या मुलकांचं?" मी तिला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कंपनीचं नाव दोनदा विचारून घेतलं, तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "बहनजी, मंत्रीजी को खड़ा करके पूछेंगे. नाम लेके पूछेंगे." शालू त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पडू दिलं नाही.

आणि प्रश्न सोडतीत निघाला. किती प्रश्न जातात आणि किती थोडे निघतात! त्या दिवशी शालू संकठाजींच्या देवळातून थेट माझ्याकडे आली, कपाळावर ओलं कुंकू तसंच.

मी बाबांना फोन केला. आनंदाने केला, हेही खरं आहे. म्हटलं, आता तुमच्या कंपनीचं नाव थेट दिल्लीत घेतलं जाणार. मग ते म्हणाले, "आई, नाव घेतलं तर दूतावासाची माणसं इथे येतील. कपाट उघडतील. किल्ली कुणाकडे आहे विचारतील. कंपनी सांगेल, याच्याकडे." आणि म्हणाले, "हिला आता सातवा लागलाय."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तू बघ," ते म्हणाले.

त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. हे नीट वाचा, पुन्हा वाचा. ते घाबरलेले होते आणि खरं बोलत होते. पुढे जे केलं ते मी केलं.

दुसऱ्या पूरक प्रश्नात मी कंपनीचं नाव लिहिलं होतं, मुक्कामाची जागा लिहिली होती, आणि त्यांच्यातला एक जण फार आजारी आहे हे लिहिलं होतं. छोटा प्रश्न. सरकार या कंपनीकडून या माणसांना सोडवणार का, आणि कधी? मंत्र्याला हो म्हणावं लागलं असतं किंवा नाही. वकीलसाहेब दिल्लीला निघायच्या आधी मी तो घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, एक अडचण आहे. नियमात बसत नाही. प्रश्नात नाव आणता येत नाही.

पुस्तकात काय आहे ते सांगते. प्रश्न समजण्यासाठी जे अगदी आवश्यक नाही, असं नाव प्रश्नात आणू नये, अशा अर्थाचा नियम आहे. आवश्यक असेल तर आणावं — आणायलाच हवं. आणि इथे नावाशिवाय त्या प्रश्नात दुसरं होतं काय? मी त्यांना नियमाचा अर्धा भाग सांगितला. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. पिवळी चिठ्ठी त्याच पानावर होती. त्यांनी मागितलं असतं तर मी दाखवलं असतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते मागणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून तर मी ते बरोबर नेलं होतं.

ते थोडे हिरमुसले. "नाम के बिना क्या रहेगा, मैडम?" मी म्हटलं, मी तो व्यापक करून देते. धोरणाच्या पातळीवर नेते. आणि दिला करून. तिथेच बसून, त्यांच्या टेबलावर. आजवर लिहिलेल्या प्रश्नांत इतका सुंदर प्रश्न मी लिहिला नव्हता. खोट्या कामात माणसाचा हात इतका चांगला का चालतो?

त्या दिवशी सकाळी शालू आणि मी माझ्या खोलीत टीव्हीसमोर बसलो. संसदेचं चॅनल. ती न्हाऊन, नवी साडी नेसून आली होती — जणू तिलाच तिथे कुणी पाहणार होतं. हातात जपाची माळ होती, पण माळ चालत नव्हती. मंत्र्यांनी उत्तर पटलावर ठेवलं. वकीलसाहेब उठले, पहिला पूरक प्रश्न विचारला, साधासा. मग दुसरा. परदेशी राबणाऱ्या भारतीयांची प्रतिष्ठा, मित्रराष्ट्रांशी होणारे करार, मालकांच्या हाती असलेली कागदपत्रं, आणि या सगळ्याला सामावून घेणारं एखादं सर्वंकष धोरण सरकारच्या विचाराधीन आहे का? त्यांनी ते फार छान वाचलं. बाकं वाजली. मंत्री उठले आणि हसून म्हणाले, माननीय सदस्यांनी इतक्या व्यापक दृष्टीने विषय मांडला याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग धोरणाबद्दल बरंच बोलले. आणि शेवटी म्हणाले — हे मला अजून ऐकू येतं — सदस्यांकडे एखाद्या विशिष्ट कंपनीबद्दल माहिती असेल तर त्यांनी ती जरूर द्यावी, आमचा दूतावास तातडीने लक्ष घालील.

वकीलसाहेब क्षणभर उभेच राहिले. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग बसले. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

बाकं वाजली तेव्हा मला काय वाटलं, तेही सांगायला हवं. ते लपवलं तर बाकी सगळं सांगण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. माझ्या वाक्यावर वाजली होती ती.

"वहिनी," शालू म्हणाली, "विनूच्या कंपनीचं नाव कधी येणार?"

"झालं, शालू."

"नाव नाही घेतलं?"

"तिथे नाव घेत नाहीत गं. नियम असतो."

"असं होय." तिने टीव्हीला हात जोडले. "नियम असेल तर काय करणार बिचारे."

वकीलसाहेब परत आले ते अस्वस्थ होऊनच. "मैडम, नाम जबान पर आ गया था. फिर आपका नियम याद आया." आपका नियम. मग म्हणाले, मंत्र्यांनी माहिती मागितली आहे, पत्रात तर नाव चालतं ना, आजच लिहा. मी म्हटलं, लिहिते. मी लिहिलं नाही. ते विचारत राहिले, आणि मी सांगत राहिले की मसुदा चालू आहे, दूतावासाचं बरोबर नाव शोधते आहे, विनूचा पासपोर्ट नंबर मिळायचा आहे. नंबर मागवला असता तर एका फोनवर मिळाला असता — कुठून, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि माझं कुठलंच काम अर्धवट राहत नसे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. बाबांनी दरम्यान राजीनामा दिला होता. वरच्यांनी त्यांच्याशी वैर धरलं नाही, त्यांना सोडलं. ज्या दिवशी तुमचे आई-बाबा विमानात बसले आणि सुखरूप उतरल्याचा फोन आला, त्याच दुपारी मी ते पत्र टंकायला घेतलं. अजिबात वेळ लागला नाही. एकच परिच्छेद होता.

पत्र पोचलं. दूतावासाची माणसं तिथे गेली. कपाट उघडलं गेलं, पासपोर्ट परत मिळाले, विनूच्या खोलीतले बाकीचे लोक एकेक करून आपापल्या घरी पोचले. म्हणजे एवढंच लागत होतं. नाव. बाबांच्या जागी आलेल्या माणसाची फार चौकशी झाली म्हणे. तो कोण, कुठला, त्याच्या घरी कोण होतं — मी कधी विचारलं नाही.

विनू मात्र त्यांच्या आधीच गेला होता. पत्र टपालात असताना. तिथल्या इस्पितळात, छातीत पाणी झालं होतं त्याला. वेळेवर आला असता तर वाचला असता का? मी एका डॉक्टरांना विचारलं होतं, दुसऱ्याच कुणाचं म्हणून. ते म्हणाले, या आजाराने आजकाल कुणी मरत नाही, वेळेवर उपचार मिळाले तर.

पेटी बाबतपूरच्या विमानतळावर उतरली. आमच्या गल्लीत ती वळेना. कोपऱ्यावर उघडावी लागली आणि मग खांद्यावर आणलं. मणिकर्णिका आमच्यापासून किती जवळ! इतकी वर्षं रोज तिकडे खांद्यावरून जाणारी माणसं पाहत आलो आम्ही, खिडकी लावून घ्यायचंही सुचत नसे. त्या दिवशी शालू खिडकीत उभी होती आणि मी माझी खिडकी लावून घेतली.

तेराव्यानंतर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता विचारील. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही माझ्या विनूसाठी दिल्लीपर्यंत विचारलंत. कोण करतं?" त्या संक्रांतीपासून वड्या सुरू झाल्या. "माझा नातू तर नाही होणार आता. राजूच्या पोरांना पाठवा." तुम्ही त्या खात आलात. त्यात तुमचा काही दोष नाही; माहीत असून डबा भरणारी मी होते.

आणि ते वाक्यही तिने ठेवून घेतलं. गल्लीत कुणी विनूचं बोललं की ती म्हणायची, "आमचं तर संसदेत विचारलं होतं. नाव घेत नाहीत तिथे, नियम असतो. वहिनींना माहीत आहे." लोक माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवायची. किती वेळा हलवली असेल? वकीलसाहेब वारले. तुमचे आजोबा गेले. मान हलवायला मी राहिले.

या मार्गशीर्षात शालू एका बाईला माझ्याकडे घेऊन आली. पंचगंगा घाटाकडची, तरुण. तिचा नवरा आखातात अडकला आहे. ओळखीतून एका खासदारापर्यंत पोचायची सोय झाली होती, त्यांना अर्ज लिहून द्यायचा होता. मी कागद घेतला, चष्मा घेतला. माझ्या आधी शालूच तिला समजावू लागली. "देखो बेटा, कंपनी का नाम मत लिखवाना. पार्लामेंट में नाम नहीं चलता. हमरे बिनू के टाइम भी नहीं लिया था. कायदा है. भाभी से पूछ लो."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मान हलवायची तेवढी बाकी होती.

"नाम लिखो," मी त्या बाईला म्हटलं. "सबसे ऊपर, नाम."

शालू हसली. तिला वाटलं मी विसरले — हल्ली मी विसरतेही. "वहिनी, अहो, तो नियम?" आणि मग स्वतःच म्हणाली, "बदलला का आता?"

तिने मला वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर त्या बाईचंही काम झालं असतं आणि माझंही झाकलेलं राहिलं असतं. इतकी वर्षं मी अशाच वाटांनी चालत आले होते.

"नाही," मी म्हटलं. "तेव्हाही नव्हता."

शालूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा हिशेब चुकतोय असं वाटल्यावर माणूस पाहतं तसं. मग तिने विचारलं,

"मग?"

एवढंच. माझ्याकडे त्याचं लिहून ठेवलेलं उत्तर नव्हतं. मी कागदाकडे पाहिलं. ती थोडा वेळ थांबली — चांगली थांबली, मला बोलायला पुरेल इतकी — आणि मग त्या बाईला म्हणाली, "चलो बेटा, सीढ़ी सँभाल के." जिन्यावर तिनेच त्या बाईचा हात धरला होता. तिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत.

त्या "मग"चं उत्तर वर लिहिलं आहे. ते तिला द्यायचं होतं, आणि मी ते तुम्हाला लिहिते आहे, समुद्रापलीकडे, जिथून कुणी जिना चढून वर येणार नाही. हेही मला दिसतं.

तिची खिडकी उघडी असते. ती कपडे वाळत घालते, तुळशीला पाणी घालते, खाली भाजीवाल्याशी घासाघीस करते. माझ्याकडे पाठ फिरवत नाही. माझ्याकडे बघतही नाही.

संक्रांत परवा झाली. तुमचं पार्सल बांधून झालं आहे. मेतकूट आहे, भाजणी आहे, ओमसाठी बनारसी लाल पेढा आहे, मुक्तासाठी शाल. चपटा स्टीलचा डबाही नेहमीच्या जागी ठेवला आहे. तो रिकामा आहे. दुसरं काही त्यात भरलं नाही.

— आजी